टेकडीची वाट वाकडी का?

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन शिक्षक नववी-दहावीच्या चौदा मुलामुलींना घेऊन सायकलींवरून एका टेकडीवर गेलो. टेकडी वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातली. तिला खास नाव नाही. गावातले लोक तिला नुसते ‘टेकडी’ म्हणतात. माथ्यावर शेंदूर फासलेला एक दगड, एक कडुनिंब आणि चहूबाजूंना मोकळा देखावा. सोयाबीन निघून गेले होते, तूर उभी होती आणि उतारावरचे गवत पिवळे पडले होते.

पायथ्याशी पोचलो तेव्हा वर जाणाऱ्या दोन वाटा दिसल्या. एक पायवाट टेकडीला वळसे घेत घेत चढत होती. एका वेळी एकच माणूस, एकच गाय किंवा एकच सायकल जाईल एवढीच रुंद. दुसरी वाट नाकासमोर सरळ वर गेलेली. मुलांनी लगेच कौल दिला : सरळ वाटेने जाऊ, जवळ पडेल! एक मुलगी मात्र म्हणाली, “सर, सरळ वाट असताना ही वाकडी वाट कोणी आणि कशाला केली असेल?”

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधण्यात आमचा दिवस गेला. उत्तराचा एक भाग आम्हांला गणिताने मिळाला, एक भाग एका गुराख्याने सांगितला आणि एक भाग मात्र एका मुलाच्या मनगटाला चुकता करावा लागला. हे सगळे आम्ही क्रमाने सांगणार आहोत. तुमच्या शाळेजवळ एखादी टेकडी असेल तर तुम्हांलाही हे सगळे (मनगटाचा भाग सोडून!) करून पाहता येईल.

आधी मोजमाप

वाटेची लांबी मोजायला सायकलच पुरते. पुढच्या चाकाच्या एका तारेला रंगीत चिंधी बांधली. नेहमीच्या अठ्ठावीस इंची काळ्या सायकलचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जाते. हे पुस्तकातून घेऊ नका. जमिनीवर खडूने खूण करून स्वतः मोजा. दोन मुले सायकल हाताने चालवत आणि चिंधीचे फेरे मोजत वळणाच्या वाटेने वर गेली. फेरे भरले ७२७, म्हणजे वाट १६०० मीटर लांब. सरळ वाट भरली सुमारे ४०० मीटर. मुलांचे म्हणणे खरेच होते, ती चौपट जवळ होती.

उंचीसाठी दहावीच्या पुस्तकातली त्रिकोणमिती वापरली. कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेला खडा एवढेच साहित्य. शेतातल्या दोन ठिकाणांहून माथ्याचा कोन मोजला, त्या दोन ठिकाणांमधले अंतर मोजले आणि आकडेमोड केली. वेगवेगळ्या गटांची उत्तरे ७५ ते ८५ मीटरच्या दरम्यान आली. आम्ही ८० मीटर धरले.

आता दोन्ही वाटांचा चढ काढता येतो. वळणाची वाट १६०० मीटरांत ८० मीटर चढते, म्हणजे वीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. याला आपण ‘विसात एक’ म्हणू. सरळ वाट ४०० मीटरांत तेवढीच चढते, म्हणजे ‘पाचात एक’.

काम किती?

समजा, मुलीचे वजन ४५ किलो आणि सायकलचे २० किलो. दोन्ही मिळून ६५ किलो. एवढ्या वस्तुमानाला पृथ्वी सुमारे ६४० न्यूटन बलाने खाली ओढते. ती ८० मीटर वर न्यायची तर ६४० गुणिले ८०, म्हणजे सुमारे ५१ किलोज्यूल काम करावे लागते. वाट कोणतीही घ्या, हा आकडा बदलत नाही. गुरुत्वाकर्षण फक्त उंची पाहते. आपण कसे आलो ते विचारत नाही.

मग वळणाची वाट म्हणजे निव्वळ वेळ घालवणे नाही का? उलट ती थोडी महागच पडते. कारण वाट मुरमाची आणि खड्यांची आहे. चाक खड्यांवर चढते-उतरते, मुरूम दाबला जातो, टायर दबतो आणि या सगळ्यात ऊर्जा खर्च होते. हा खर्च आम्ही ताणकाट्याने मोजला. त्याच मुलीला सायकलवर बसवले, पायथ्याच्या सपाट मुरमावर सायकलला दोरी बांधली, दोरीला ताणकाटा लावला आणि सावकाश एकाच वेगाने ओढत नेले. काटा दोन किलोच्या आसपास राहिला, म्हणजे सुमारे २० न्यूटन.

आता हिशेब असा : विसात एक चढावर उताराच्या दिशेने ६४० चा विसावा भाग, म्हणजे ३२ न्यूटन, आणि जमिनीचे २० न्यूटन मिळून ५२ न्यूटन बल लावावे लागते. पाचात एक चढावर १२८ अधिक २०, म्हणजे १४८ न्यूटन. (चढ फार नसल्याने जमिनीचा विरोध दोन्हीकडे सारखाच धरला आहे.) अंतराने गुणले तर वळणाच्या वाटेने एकूण काम सुमारे ८३ किलोज्यूल आणि सरळ वाटेने सुमारे ५९ किलोज्यूल!

म्हणजे वाकडी वाट प्रत्यक्षात जास्त काम करायला लावते. हे ऐकून सरळ वाटेच्या बाजूची मुले खूश झाली. पण दुकानातून वस्तू हप्त्याने घेतली की रोखीपेक्षा जास्त पैसे जातात, तरी लोक हप्ते का पत्करतात? एकरकमी द्यायला खिशात तेवढे नसतात म्हणून. टेकडीचेही तसेच आहे. वरचे २४ किलोज्यूल हे व्याज.

जाता जाता : ८३ किलोज्यूल म्हणजे सुमारे २० किलोकॅलरी. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा-पाचवा भागच कामात उतरवतात, बाकीची उष्णता होते आणि म्हणून घाम येतो. म्हणजे टेकडी चढायला ८० ते १०० किलोकॅलरी लागतील. मध्यम आकाराच्या ज्वारीच्या भाकरीतून साधारण दोनशे किलोकॅलरी मिळतात. अर्ध्या भाकरीत टेकडी! मग एवढा दम का लागतो?

खिशात किती आहे?

दम लागणे हे एकूण कामावर कमी आणि काम किती वेळात करायचे यावर जास्त अवलंबून असते. दर सेकंदाला होणारे काम म्हणजे शक्ती, ती आपण वॅटमध्ये मोजतो. धडधाकट माणूस ७५ ते १०० वॅट शक्ती बराच वेळ देऊ शकतो. सराव केलेले शर्यतपटू याच्या तिप्पट-चौपट शक्ती तासभर देतात, पण ती आपली गोष्ट नव्हे.

सायकल ताशी ६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १.६७ मीटर, चढते असे धरू. वळणाच्या वाटेने ५२ गुणिले १.६७, म्हणजे सुमारे ८७ वॅट लागतील. जमण्यासारखे आहे. सरळ वाटेने १४८ गुणिले १.६७, म्हणजे सुमारे २४७ वॅट. आपल्या खिशात एवढे नाहीत.

“मग हळू चढायचे!” एका मुलाने उपाय सुचवला. वेग निम्मा केला की शक्तीही निम्मी लागेल, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. पण करून पाहा. ताशी चार-पाच किलोमीटरच्या खाली सायकल डगमगू लागते. आपण तोल सांभाळतो तो हॅन्डल सतत थोडेथोडे वळवून, चाके आपल्याखाली आणत राहून. वेग फार कमी झाला की चाके वेळेत आपल्याखाली येत नाहीत आणि पाय टेकावा लागतो. म्हणजे सायकलला किमान वेग आहे, आणि म्हणून प्रत्येक चढाला किमान शक्तीही आहे. पायी चालणाऱ्याला अशी अट नाही. तीच सायकल पाचात एक चढावर ताशी दोन किलोमीटरने ढकलत नेली तर शंभर वॅटच्या आतच भागते. चढावर सायकलवरून उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. तो हिशेबाने बरोबर असलेला निर्णय आहे.

पेडलवर उभे राहिले तरी…

शक्ती झाली, आता जोर पाहू. आम्ही काळ्या सायकलीचे दात मोजले. पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्या फ्रीव्हीलला १८. पेडलचा एक फेरा झाला की मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे २.४४ वेळा फिरते आणि सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. पेडलचा दांडा १७ सेंटिमीटरचा, म्हणून तेवढ्याच वेळात आपला पाय वर्तुळात फिरतो १.०७ मीटर. पाय एक मीटर फिरला की सायकल पाच मीटर जाते. सपाट रस्त्यावर याचीच मजा वाटते. पण तरफेचा नियम विसरून चालत नाही : अंतर पाचपट मिळाले तर बलही पाचपट द्यावे लागते.

विसात एक चढावर पेडलवर सरासरी ५२ गुणिले ५, म्हणजे २६० न्यूटन हवेत. ४५ किलोची मुलगी सीटवरून उठून एका पेडलवर पूर्ण भार टाकून उभी राहिली, तर भार होतो सुमारे ४४० न्यूटन. पण पेडल वर किंवा खाली टोकाला असताना हा भार वाया जातो. दांडा आडवा असतानाच तो पूर्ण उपयोगी पडतो. फेऱ्याची सरासरी काढली तर हाती येतात सुमारे २८० न्यूटन. हवेत २६०, मिळतात २८०. म्हणजे काळ्या सायकलवरून ही वाट जेमतेम चढता येते! आणि सरळ वाट? तिथे हवेत ७४० न्यूटन. ती मुलगी पेडलवर उभी राहिली तरी पेडल हलणार नाही, सायकल मागेच घसरेल. सरळ वाटेचा आग्रह धरणाऱ्या दोघांनी हे प्रयोगाने सिद्ध करून दाखवले.

आमच्याबरोबर मागून आणलेली एक गिअरची सायकल होती. तिच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढे २२ आणि मागे ३४ दात. चाकही थोडे लहान. पेडलच्या एका फेऱ्यात ती फक्त १.३४ मीटर जाते. पाचपटीऐवजी सव्वापट. त्यामुळे विसात एक चढावर ६५ न्यूटन पुरतात आणि पाचात एक चढावरही १८५. पेडल सहज फिरते, मुलांना जादूच वाटली. पण ही जादू अर्धीच आहे. गिअरने पायावरचा जोर कमी होतो. लागणारी शक्ती, म्हणजे ते २४७ वॅट, तेवढेच राहतात. मिनिटाला पंचाहत्तर वेळा पाय फिरवत ती सायकल सरळ वाटेने निघाली आणि शंभर पावलांत चालवणारा धापा टाकत थांबला.

येथे या टेकड्यांची एक खूणही लक्षात आली. वाट एकसारखी चढत नाही. थोडा खडा चढ, मग सपाटी, पुन्हा खडा चढ. आपला डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. टणक काळ्या दगडाच्या थराशी उभा टप्पा तयार होतो आणि ठिसूळ, झिजणाऱ्या थरावर सपाटी. या खडकाला भूगोलात ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दच मुळी पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सरासरी विसात एक असली तरी पायरीच्या जागी चढ दहात एक होत होता. काळ्या सायकलीवाले सगळे तिथे उतरले. डोळ्यांना न दिसलेले थर पायांना कळले.

माथ्यावर

वर पोचल्यावर भाकरी-ठेचा खाऊन झाला आणि प्रश्न निघाला : इथून किती लांबचे दिसते? पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट प्रदेशात क्षितिजाचे अंतर उंचीच्या वर्गमुळावर ठरते. उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. ८० मीटरला सुमारे ३२ किलोमीटर. आणि २० मीटरला? १६ किलोमीटर. म्हणजे पाव चढ चढून जो थांबला त्यालाही निम्मे क्षितिज मिळते! अर्थात मधे दुसरा डोंगर आला तर हा हिशेब तिथेच संपतो.

वाशीम जिल्ह्याच्या उंचवट्यावरून पाहताना आणखी एक गोष्ट मुलांना नकाशा उघडून दाखवण्यासारखी आहे. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर, तर वाशीम सुमारे ५५० मीटरवर. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा हा भाग जलविभाजक आहे. काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. दक्षिणेची पैनगंगा, तसेच अडाण, अरुणावती, पूस या नद्यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. एकाच जिल्ह्यात पडलेल्या पावसाचे दोन थेंब दोन समुद्रांना जातात. कोणता थेंब कुठे जाणार हे ठरते फक्त उतारावर.

उतरताना

चढताना कमावलेले ५१ किलोज्यूल माथ्यावर आपल्याजवळ साठलेले असतात. उतरताना ते कुठेतरी द्यावेच लागतात. ‘उतरताना फुकट’ असे आपण म्हणतो, ते खरे नाही.

वळणाच्या वाटेने उतरताना जमिनीचा विरोध १६०० मीटरभर २० न्यूटनने काम करतो आणि ३२ किलोज्यूल खाऊन टाकतो. ब्रेकच्या वाट्याला येतात फक्त १९. म्हणजे चढताना जे व्याज दिले, ते उतरताना आपल्याच उपयोगी पडले! सरळ वाटेने जमीन खाते फक्त ८; ब्रेकला खावे लागतात ४३. एवढ्या उष्णतेत कपभर चहाचे पाणी उकळते. शिवाय वेळ कमी. ताशी १० किलोमीटरचा वेग राखायचा तर वळणाच्या वाटेवर ब्रेकने दर सेकंदाला ३३ ज्यूल गिळायचे, सरळ वाटेवर ३००. नऊपट!

हा धडा जगात इतरांनीही घेतला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, माउंट टॅमलपायसच्या परिसरात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत. त्या सायकलींचे ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका उतारावर शर्यत घेतली. सुमारे ४०० मीटर उंची तीन किलोमीटरांहून थोड्या जास्त अंतरात उतरायची. खाली येईपर्यंत हबमधले ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या उताराचे नावच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे पडले. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी नवी सायकल बांधली. हलके गिअर, चांगले ब्रेक, रुंद टायर असलेली आजची ‘माउंटन बाइक’ त्यातून वाढली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिची शर्यत झाली. म्हणजे डोंगरावरची सायकल घडली ती दोन प्रश्नांतून : चढताना पायांचे काय आणि उतरताना ब्रेकचे काय.

आम्ही मुलांना वळणाच्या वाटेने, एकामागे एक, अंतर ठेवून उतरायला सांगितले होते. आमच्यापैकी एक पुढे, एक मधे आणि एक अगदी मागे. तरीही एका वळणावर, जिथून सरळ वाट फुटते, तिथे एक मुलगा आमची नजर चुकवून तिकडे वळला. त्याच्या सायकलचा पुढचा ब्रेक आधीच ढिला होता. मागचा त्याने करकचून दाबला; चाक फिरायचे थांबले आणि सुट्या खड्यांवरून घसरत गेले. घसरणारे चाक फिरणाऱ्या चाकापेक्षा जमीन कमी धरते आणि आडवेही सरकते. वीसेक मीटरवर तो कडेच्या गवतात पडला. मनगट मुरगळले, कोपर सोलवटले. थोडक्यात निभावले. चूक त्याच्याइतकीच आमचीही. निघण्यापूर्वी प्रत्येक सायकलचे दोन्ही ब्रेक आम्ही तपासले नव्हते, आणि त्या फाट्यावर कोणी उभे राहिले नव्हते.

त्यानंतर आमचे नियम असे ठरले : दोन्ही ब्रेक चांगले नसतील तर सायकल हातात धरून उतरायचे. ब्रेक दोन्ही एकदम, हलके आणि आधीपासून लावायचे. उतारावर आपला भार पुढच्या चाकावर सरकतो. पुढचा एकटाच ब्रेक जोरात दाबला तर माणूस हॅन्डलवरून पुढे फेकला जातो, म्हणून अंग मागे आणि खाली ठेवायचे. दोन्ही पेडल आडवी एका पातळीत ठेवायची. लोखंडी रिम ओली झाली की रबराची पकड फारच कमी होते, म्हणून पावसात चालतच उतरायचे. डोक्यावर हेल्मेट हवेच.

पाण्याला ब्रेक नसतो

पडलेल्या मुलाचा हात बांधत असताना एक म्हातारे गुराखी जवळ आले. त्यांनी सरळ वाटेकडे बोट दाखवून सांगितले, “ही वाट नव्हतीच आधी. घाईवाल्यांनी पाडली. ढोरं कधी सरळ चढत नाहीत गुरुजी, अन् पाणी कधी आडवं जात नाही.”

आम्ही पुन्हा नीट पाहिले. सरळ वाट आता वाट राहिलीच नव्हती. मधोमध गुडघाभर खोल घळ पडली होती. वाहून आलेला मुरूम पायथ्याच्या शेतात पसरला होता. त्यांच्या एका वाक्यात आमचा सगळा हिशेब होता. ढोरे आपल्या शक्तीप्रमाणे टेकडीला तिरकी चढतात, वर्षानुवर्षांच्या खुरांनी त्यांचीच पायवाट होते. पाणी मात्र सर्वांत तीव्र उताराने धावते. माथ्यावरचा एक लिटर पाऊस पायथ्याशी येईपर्यंत सुमारे ७८० ज्यूल ऊर्जा सोडतो, वाट कोणतीही असो. पाण्याला ब्रेक नसतो. ती ऊर्जा गवत, दगड आणि माती यांच्यावरच खर्च होते. सरळ वाटेवर गवत तुडवले गेले, पाण्याला मोकळी पन्हळ मिळाली, धार वाढली, वेग वाढला आणि माती सुटली. त्यात घसरणाऱ्या चाकाने पाडलेला प्रत्येक चरा पुढच्या पावसाला दिलेले आमंत्रण. वळणाच्या वाटेवर मात्र पाणी वरच्या बाजूने येते, वाट आडवी ओलांडते आणि खालच्या गवतात जाते. शेतात समतल बांध किंवा डोंगरावर समतल चर घालण्यामागे हेच तत्त्व आहे.

डोंगरातल्या पायवाटा आखणाऱ्यांचा एक साधा ठोकताळा आहे : वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि एकूण सरासरी दहात एकच्या आत असावी. चढ त्याहून जास्त झाला की पाणी वाट ओलांडण्याऐवजी वाटेनेच धावू लागते. आमची टेकडी पाचात एक. निम्मे म्हणजे दहात एक. पायवाट विसात एक. गुरांनी पुस्तक न वाचता परीक्षा पास केली होती!

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. चढणाऱ्याची शक्ती, उतरणाऱ्याचा ब्रेक आणि वाटेची माती या तिघांनाही ८० मीटर उंचीचा हिशेब चुकवावा लागतो. वाट वाकडी असली की तिघांनाही तो थोडाथोडा चुकवता येतो.

पुढे ग्रामपंचायतीला विचारून आम्ही एक काम केले. सरळ वाटेचे वरचे तोंड काटेरी फांद्या टाकून बंद केले आणि घळीत ठिकठिकाणी दगडांच्या आडव्या ओळी रचल्या. पाणी तिथे थबकते आणि मुरूम मागे सोडते. दगडांमागे पावसाळ्यात किती मुरूम साठतो, हे मोजायला मुलांनी खुणेच्या काठ्या रोवल्या आहेत.

करून पहा

१. गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी घ्या. दहा मीटर अंतरावर दोन काठ्या धरून दोन्ही टोकांच्या पाण्याच्या पातळीवरून उंचीतला फरक मोजा. वाटेचा चढ टप्प्याटप्प्याने काढा आणि आलेख काढा. आलेखात लाव्ह्याच्या पायऱ्या दिसतात का?

२. आपापल्या सायकलचे दात मोजा. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती जाते ते आधी गणिताने काढा, मग जमिनीवर मोजून पडताळा.

३. ताणकाट्याने डांबरी रस्ता, मुरूम आणि शेतातली पांदण यांवरचा विरोध मोजा. टायरमधली हवा थोडी कमी केली तर काय फरक पडतो?

४. पहिल्या मोठ्या पावसात (टेकडीवर न जाता, शाळेच्या मैदानाच्या उतारावर) एक सरळ आणि एक तिरकी रेघ ओढून ठेवा. पाऊस थांबल्यावर दोन्ही पाहा.

जागा निवडताना एक काळजी घ्या. काटेपूर्णा अभयारण्य अकोला आणि वाशीम या दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे, कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्यही आपल्याच जिल्ह्यात आहे. अशा ठिकाणी वन विभागाच्या परवानगीशिवाय सायकली नेऊ नका. इतर टेकड्यांवरही मळलेली पायवाट सोडू नका. गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात. समोरून गुरे आली तर सायकलवरून उतरून त्यांना वाट द्या. वाट त्यांनीच तर केली आहे.

तुमच्या टेकडीचे आकडे काय आले, आणि मुलांनी कोणते नवे प्रश्न विचारले, ते आम्हांला जरूर कळवा.